१३९ दिवस आणि पाच अर्धे तास

खेड्यातल्या पोस्टात मी अडतीस वर्षं काढली. शाखा डाकपाल म्हणून हातात सतत तारखेचा शिक्का, त्यामुळे कुठलीही गोष्ट तारखेशिवाय सांगताच येत नाही. हे दुखणंही मी एका शंभर पानी वहीत तारीखवार लिहून ठेवलं होतं. त्या वहीवरूनच इथं लिहितो आहे.

फुफ्फुसाच्या कॅन्सरसाठी मी रेडिएशनच्या मशीनखाली एकूण पाचदा झोपलो. दरवेळी अर्धा तास, फार तर पाऊण. पण पहिल्या एक्स-रेपासून त्या मशीनपर्यंत पोचायला मला १३९ दिवस लागले. आमच्याकडची माणसं मशीनला भितात आणि अडकतात मात्र वाटेत. म्हणून इथं वाटेबद्दलच जास्त सांगणार आहे.

गाव दारव्हा तालुक्यात, यवतमाळ जिल्हा. वय ६६. चार एकर कोरडवाहू. पंधराव्या वर्षी धरलेली बिडी २०१६ साली सुटली. तोवर छातीचा भाता झाला होता. २०२४च्या दिवाळीनंतर हर्नियाचं ऑपरेशन करायचं ठरलं आणि त्यासाठी १९ नोव्हेंबरला छातीचा एक्स-रे काढला. दुसऱ्या दिवशी विधानसभेचं मतदान, अर्धा दवाखाना ड्युटीवर गेलेला. जो एक डॉक्टर हजर होता त्यानं फिल्म उजेडाकडे धरली आणि म्हणाला, "काका, उजव्या फुफ्फुसात वर डाग आहे. हर्नियाचं नंतर पाहू."

डाग म्हटलं की आमच्याकडे टीबी. थुंकी दोनदा तपासली, दोन्ही वेळा काही निघालं नाही. ती सीबीनॅटची नवी तपासणीही केली, तीही निगेटिव्ह. तरी एका खाजगी डॉक्टरनं १० डिसेंबरला टीबीच्या गोळ्या सुरू केल्या. सात आठवडे खाल्ल्या. लघवी लाल, तोंडाला चव नाही, कापूस वेचायला बायामाणसं शेतात अन् मी घरी खाटेवर. जानेवारीच्या शेवटी पुन्हा एक्स-रे काढला तर डाग होता तिथंच, उलट थोडा भरलेला. त्या डॉक्टरवर माझा राग होता, आता तितका नाही. आपल्या भागात टीबी खरंच जास्त आहे आणि एक्स-रेत दोन्ही डाग सारखेच दिसतात. पण थुंकीत काही नाही, गोळ्यांनी फरक नाही आणि माणूस जुना बिडीवाला, असं असेल तर सिटी स्कॅन कधी करायचा हे आपण तोंडानं विचारावं. मी विचारलं नाही. नागपूरच्या लेकीनं फोनवर भांडण केलं तेव्हा गेलो.

३ फेब्रुवारी, यवतमाळ. सिटी स्कॅनचे ४,२०० रुपये. रिपोर्टमध्ये २.४ सेंटिमीटरची गाठ, कडा काटेरी, आणि खाली एक शब्द: मॅलिग्नन्सी. तो मी बसस्टँडवर मोबाइलमध्ये शोधला. बाजूला ही पिशवीतला चिवडा काढत होती. "काय लिवलं जी त्यात?" मी म्हटलं, "नागपूरला दाखवा म्हणते." हे खोटं नव्हतं. दारव्ह्याची गाडी लागेपर्यंत मी तो चिवडा सगळा खाल्ला, आणि भूक तर नव्हती.

नागपूरला आमचा प्रवास एसटीचा. आमची शकुंतला रेल्वे बंद पडली ती पडलीच. जानेवारीत एसटीचं भाडं वाढलं होतं, पण मला ६५ वर्षांवरचं अर्धं तिकीट, हिला बाईमाणसाचं अर्धं, म्हणजे दोघांचं मिळून एकच. कंडक्टर दरवेळी आधार मागतो, ते वरच्या खिशात ठेवावं.

१० फेब्रुवारीला कॅन्सरच्या दवाखान्यात पहिल्यांदा पाय ठेवला. सकाळी सातला रांगेत, नंबर ११२, डॉक्टरपुढे दुपारी दीडला. त्या साडेसहा तासांत मी एक चूक केली, ती तुम्ही करू नका. महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या टेबलावर आरोग्यमित्र बसतात, तिथं पहिल्याच दिवशी जाऊन आधार आणि शिधापत्रिका दाखवून घ्यायला हवी होती. मला वाटलं, आधी आजार तर नक्की होऊ दे. पुढं ही चूक बारा दिवसांना पडली.

१७ फेब्रुवारीला सुईनं बायोप्सी. सिटीच्या मशीनमध्ये पालथं झोपवून, जागा बधिर करून पाठीतून सुई घालतात. दुखलं ते सुसह्य. पण फुफ्फुसाला भोक पडून थोडी हवा बाहेर झिरपली. असं होऊ शकतं हे आधीच्या कागदावर लिहिलेलं होतं, मी न वाचता सही केली होती. एक रात्र ऑक्सिजनवर ठेवलं, सकाळच्या एक्स-रेत हवा वाढलेली नव्हती, पुढं ती आपोआप जिरली. बायोप्सीच्या दिवशी परतीची गाडी धरायचा बेत ठेवू नका, मुक्कामाची पिशवी सोबत असू द्या.

रिपोर्ट २७ तारखेला. स्क्वामस सेल कार्सिनोमा, फुफ्फुसाच्या कॅन्सरचा एक प्रकार. त्या दिवशी हिला सांगितलं. ती काही बोलली नाही. धर्मशाळेच्या खोलीत जाऊन दोघांच्या चपला पुसत बसली.

लेक नागपुरातच राहते, तरी आम्ही धर्मशाळेत उतरलो. लेकीच्या सासरी एक-दोन रात्री ठीक, महिनाभर कसं राहायचं, हे हिचं म्हणणं. लेक चिडली, मग रोज डबा घेऊन येऊ लागली. खोलीचे दोघांचे दिवसाला शंभर रुपये. दवाखान्याच्या समाजसेवकाची चिठ्ठी असली की खोली लवकर मिळते.

४ मार्चला पेट स्कॅन. आजार आणखी कुठं पसरला का ते यात दिसतं. सहा तास उपाशी राहावं लागतं आणि साखर ताब्यात हवी. माझी त्या सकाळी १६८ होती, चालली. किरणोत्सारी साखरेचं इंजेक्शन देऊन तासभर एका खोलीत गप्प बसवतात. बोलायचं नाही, काही चघळायचं नाही, कारण जो स्नायू काम करतो तो ती साखर ओढून घेतो आणि फोटोत चमकतो. हे औषध नाशिवंत, फक्त ११० मिनिटांत त्याचा जोर अर्धा होतो. त्यामुळे ते साठवून ठेवता येत नाही. आमच्या दिवशी औषधाची गाडी दोन तास उशिरा आली, तर चौदा उपाशी माणसं भिंतीला टेकून बसलेली. १२,५०० रुपये लागले. हा माझा एकट्या दिवसाचा सगळ्यात मोठा खर्च, त्यासाठी सोयाबीन ४,१००च्या भावानं काढलं. हमीभाव ४,८९२ होता, पण केंद्रावर नंबर लागायची वाट पाहायला माझ्याकडे वेळ नव्हता.

त्या रात्री नातीला जवळ घेऊ नका, काही तास लहान मुलं आणि गरोदर बाईपासून लांब राहा, असं सांगितलं होतं. ही सूचना पेट स्कॅनची. लोक ती रेडिएशनच्या उपचारालाही चिकटवतात. त्याबद्दल पुढं येईल.

पेट चांगला आला. गाठ एकच, गिल्ट्या म्हणजे लसीकाग्रंथी साफ. पण ७ मार्चला फुंकर मारायची तपासणी झाली. एका सेकंदात किती हवा बाहेर टाकता ते पाहतात, मी टाकली असायला हवी त्याच्या ४१ टक्के. सर्जन सरळ बोलले, "गाठ काढण्यासारखी आहे, पण फुफ्फुसाचा भाग काढला तर उरलेल्यावर तुमचा श्वास भागणार नाही." बिडीचा हिशेब असा व्याजासकट आला.

मग रेडिएशनच्या डॉक्टर. तरुण मुलगी, आमच्या लेकीच्या वयाची, मला "बाबाजी" म्हणायची. मी तिला आधीच सांगून टाकलं की माझ्या साडभाऊला २००८ साली कोबाल्टच्या मशीनवर रेडिएशन दिलं होतं. छातीवर जांभळ्या शाईचे चौकोन, महिनाभर अंघोळ नाही, अन्न गिळता येत नव्हतं. ती म्हणाली, तेव्हा गाठ नेमकी कुठं आहे आणि श्वासासोबत किती हलते हे पक्कं दिसत नसे, म्हणून भोवतालची बरीच जागा धरून किरण द्यावे लागत आणि चांगलं फुफ्फुस, अन्ननलिका दोन्ही भाजत. आता श्वास चालू असतानाचा सिटी घेतात, मग किरण अनेक दिशांनी थोडे थोडे सोडतात, आणि ते सगळे एकत्र येतात फक्त गाठीवर. माझ्यासारख्या लहान, न पसरलेल्या गाठीला या पद्धतीत पाच वेळा पुरतं. नाव एसबीआरटी.

मी आकडे विचारले. किरणांचा डोस ग्रे या मापात मोजतात. जुन्या पद्धतीत रोज २ ग्रे, असे ३० दिवस, म्हणजे ६०. मला १० ग्रे पाच वेळा, म्हणजे ५०. "मग हे कमीच झालं की!" ती हसली. नुसती बेरीज करायची नसते म्हणाली. रोज थोडं दिलं तर मधल्या वेळात पेशी दुरुस्त होतात, एकदम मोठं दिलं तर त्यांना सावरता येत नाही. त्यांच्या मापानं जुन्या ६०चा जोर ७२, माझ्या ५०चा १००. मी म्हटलं, म्हणजे आरडी आणि एफडी. तिला हे आवडलं असावं, नंतर तिनं ते दुसऱ्या पेशंटला सांगताना मी ऐकलं.

आणखी एक गोष्ट तिनं न लपवता सांगितली. अमेरिकेत ऑपरेशन न झेपणाऱ्या ५५ जणांवर असा उपचार करून २०१० साली निकाल छापले गेले. तीन वर्षांनी मूळ गाठ शंभरातल्या सुमारे ९८ जणांत ताब्यात होती. जिवंत मात्र शंभरातले ५६. अशा पेशंटांचं हृदय, फुफ्फुस आधीच कमजोर असतं आणि काहींत आजार दुसरीकडे निघतो. पहिला आकडा ऐकून मला बरं वाटलं, दुसरा ऐकून तिच्यावर विश्वास बसला.

आता ते बारा दिवस. १० मार्चला योजनेची फाइल गेली. माझ्या केशरी कार्डावर वडलांच्या नावापुढे 'राव' आहे, आधारवर नाही. फाइल परत. १३ला होळी, १४ला धुळवड, तहसील बंद. गावी जाऊन दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र केलं. फाइल पुन्हा गेली, या वेळी उपचाराचा प्रकार चुकीचा भरला म्हणून परत. २२ मार्चला मंजुरी आली. आयुष्यभर मी लोकांचे मनीऑर्डरचे फॉर्म नावात काना-मात्रा चुकली म्हणून परत केले, हे मला त्या रांगेत सारखं आठवत होतं. तुमच्या घरी कोणी आजारी नसतानाच आधार, शिधापत्रिका आणि बँकेचं पासबुक शेजारी ठेवून नावं ताडून पाहा. आणि तुम्हाला सांगितलेला उपचार तुमच्या दवाखान्यात योजनेत बसतो का, हे आरोग्यमित्राला नाव घेऊन विचारा. 'रेडिएशन' एवढं म्हणून भागत नाही. माझं बसलं, रेडिएशनला खिशातून पैसा गेला नाही.

२५ मार्चला सिम्युलेशन, म्हणजे रंगीत तालीम. दाण्यांनी भरलेल्या एका गादीवर झोपवतात, तिच्यातली हवा ओढून घेतात, अन् ती तुमच्या अंगाच्या आकाराची कडक होते. दरवेळी तुम्ही त्याच साच्यात. दोन्ही हात डोक्यावर. पोटावर एक छोटी डबी ठेवली, ती श्वासासोबत वर-खाली होते आणि कॅमेरा तिच्यावर नजर ठेवतो. त्यावरून एका श्वासाचे दहा भाग पाडून प्रत्येक भागाचा सिटी. काही जणांचं पोट पट्टीनं दाबून श्वास उथळ करतात. माझा हर्निया आडवा आला. पण वरच्या भागातल्या गाठी मुळातच कमी हलतात, माझी ६ मिलिमीटर हलत होती, त्यामुळे पट्टीविना भागलं. मोठ्या श्वासनळीपासून ती दोन सेंटिमीटरच्या बाहेर होती, हेही नशीब. त्याच्या आत असती तर डोस कमी करून जास्त वेळा यावं लागलं असतं. शेवटी छातीवर तिळाएवढे तीन टिपके गोंदले. ही म्हणाली, "माह्या हातावर गोंदलं तवा तर बोंबलले होते, पोरीबाळीचं खूळ म्हणून."

तालमीत सगळ्यात त्रास झाला तो खांद्यांचा. चाळीस मिनिटं हात वर ठेवायचे आणि हलायचं नाही. डॉक्टरनं सांगितलं नव्हतं, तंत्रज्ञानं सांगितलं: घरी रोज सकाळ-संध्याकाळ जमिनीवर निजून हात डोक्यावर ठेवून पडा, वेळ वाढवत न्या. मी बारा दिवस केलं. या लेखातून एकच गोष्ट घ्यायची असली तर ही घ्या.

या बारा दिवसांत तिकडे संगणकावर आराखडा झाला, आणि माझ्या आधी ते किरण एका प्लॅस्टिकच्या ठोकळ्याला देऊन मोजून पाहिले. मध्ये पाडवा, रामनवमी. वाट पाहणं जिवावर येतं, पण हे दिवस कामाचे असतात.

सोमवार, ७ एप्रिल. १३९वा दिवस. जाड दार, आत गारवा, मशीनचा हात माझ्याभोवती फिरत गेला. आधी ते मशीनच छोटा सिटी काढून गाठ जागेवर आहे का पाहतं, टेबल आपोआप दोन-चार मिलिमीटर सरकतं, मग किरण. काही दिसत नाही, वास नाही, चटका नाही. नुसता एक गुंगुं आवाज. मी भिंतीवरच्या चित्रातली झाडं मोजली, सतरा होती. बाहेर आलो तर हिनं पहिला प्रश्न विचारला, "आता तुमच्या अंगातून किरण निघतीन काय जी? नात जवळ घेता येईन का नाई?" हे मशीन विजेवर किरण तयार करतं, बटण बंद झालं की खेळ संपला, अंगात काही उरत नाही. त्या संध्याकाळी नात माझ्याच ताटात जेवली.

बाहेरच्या बाकावर आरमोरीकडचे एक भाऊ रोज भेटत. त्यांचा आजार तिसऱ्या टप्प्यातला, गिल्ट्यांत गेलेला. त्यांना तेच ६० ग्रे, ३० दिवस, सोबत दर आठवड्याला किमो. "तुमचं पाचात, माहं तीसात काऊन?" त्यांनी विचारलं. मला जे कळलं होतं ते मी सांगितलं, की मोठी आणि पसरलेली जागा एकदम जोरात जाळता येत नाही. पण सांगताना मान वर झाली नाही. टीबीच्या गोळ्या मी सहा महिने खाल्ल्या असत्या तर मीही कदाचित त्या रांगेत असतो.

एक दिवसाआड बोलावत. बुधवारी ९ला दुसरी खेप. शुक्रवारी ११ला मशीन बंद, थंड ठेवणारी यंत्रणा उन्हानं दमली. दुपारी तीनपर्यंत बसवून ठेवलं आणि मग सांगितलं, उद्या या. सकाळीच सांगता आलं असतं. शनिवारी झालं. सोमवारी १४ एप्रिल, आंबेडकर जयंती, सुट्टी. संध्याकाळी आम्ही दोघं दीक्षाभूमीवर गेलो. निळे झेंडे, ढोल, ठिकठिकाणी सरबत. दवाखाना सोडून कुठंतरी गेल्याला चार महिने झाले होते. मंगळवारी चौथी, गुरुवारी १७ला पाचवी. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, तंत्रज्ञानं गादीवरचं माझं नाव खोडलं आणि पुढच्याला हाक मारली.

थकवा तीन आठवडे होता. दुपारी जेवलो की डोळे मिटायचे. कातडी भाजली नाही, गिळायला त्रास नाही. मला वाटलं, सुटलो. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पेरणीच्या ऐन धांदलीत कोरडा खोकला, बारीक ताप, आणि विहिरीपर्यंत चालताना दोनदा थांबावं लागायला लागलं. तालुक्याच्या डॉक्टरनं एक्स-रे पाहिला आणि पुन्हा तोच शब्द काढला, टीबी. या वेळी मी पिशवीतून फाइल काढून पुढं ठेवली. रेडिएशननंतर महिन्या-सहा महिन्यांत फुफ्फुसाला सूज येऊ शकते, न्यूमोनायटिस म्हणतात. डिस्चार्जच्या कागदावर तारीख आणि डोस होता. त्यांनी नागपूरला फोन लावला, हे त्यांचं मोठेपण. स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या, आठवड्याआठवड्यानं कमी करत दीड महिना. साखर २८० वर गेली, झोप उडाली. पण श्वास मोकळा झाला. या गोळ्या बरं वाटलं म्हणून एकदम बंद करायच्या नसतात. आणि तो डिस्चार्जचा कागद घरात एक, मोबाइलमध्ये एक, लेकीकडे एक असा ठेवा.

२१ जुलैच्या सिटीत गाठीच्या जागी पांढरा धुरकट पट्टा. रिपोर्ट वाचून माझे पाय गळाले, पण डॉक्टर म्हणाली की भाजलेली जागा भरताना अशीच दिसते, जुन्या फोटोंशेजारी ठेवून पाहायचं असतं. मधली गाठ १.६ वर आली आहे. जुने सगळे फोटो, सीडीसकट, दरवेळी सोबत न्यावेत. सध्या दर तीन महिन्यांनी सिटी आहे.

वहीतला एकूण खर्च ६१,३४० रुपये. त्यात तपासण्या निम्म्याच्या जवळ, बाकी प्रवास, खोली, खाणं, औषधं, आणि झेरॉक्सचे ८९० रुपये, हा आकडा मी दोनदा तपासला.

हर्निया तसाच आहे. पट्टा लावून फिरतो. ऑगस्टमध्ये सर्जनकडे गेलो होतो, की आता तरी करून टाका. भूल देणाऱ्या डॉक्टरनं सगळी फाइल उलटून पाहिली, चष्मा काढला आणि म्हणाले, "आधी छातीचा एक एक्स-रे काढून आणा."